तिसऱ्या गिअरवर

डिंगोरे, ता. जुन्नर
५ सप्टेंबर २०२५

श्रीमती सुमतीबाई यांस,
कुंडलिकचा नमस्कार.

तुमचं छापील कार्ड पोचलं. पर्युषण झालं की शेठ दरसाल धाडायचे. कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा करावी, अशी छापील ओळ, आन खाली शेठच्या हातचं काहीबाही, 'कुंडलिक, कान कसे आहेत?' असं. औंदा खाली हातचं काय नाय.

बाई, आमचं मन नकळत दुखावलेलं नाय. गेल्या साली तुमचे यजमान, आमचे शेठ, गेले त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर शंभर माणसांत तुमी माझ्या सूरजला म्हणाल्या, "शेठच्या छातीत कळा येत होत्या आणि तू चहा पीत बसलास." पोरगं सांगत व्हतं, गाडी ओढत नव्हती. कुणी ऐकलं नाय. तवापासनं मंचर ते जुन्नर त्याच्या हातात कुणी किल्ली दिली नाय. लोणीच्या श्रेयाशी साखरपुडा झाला व्हता, तो तिच्या घरच्यांनी मोडला. शेठला मारणारा डायवर, असं नाव पडलंय.

त्याच्या आईनं, प्रयागबाईनं, कार्ड दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, परत धाडा. सोबत धाडलंय. फोनवर बोललो असतो, पण आता दोन्ही कान गेलेत.

कुंडलिक


मंचर
१० सप्टेंबर २०२५

कुंडलिकराव यांस,

कार्ड परत मिळालं. ते माझ्या सुनेनं, चेतनानं, तुमच्या शेठच्या जुन्या यादीवरून पाठवलं होतं. मी पाठवलं नव्हतं. आपली चूक नाही असं वाटत असताना क्षमा मागणं हे ढोंग आहे, आणि ते मी करत नाही.

सूरज म्हणाला गाडी ओढत नव्हती. दुसऱ्याच दिवशी माझ्या मुलानं, अंकितनं, तीच गाडी मंचरभर फिरवली. गॅरेजवाल्यानं फिरवली. गाडी ठणठणीत होती. डिंभ्याच्या पुढे चहाच्या टपरीपाशी ती उभी असलेली एसटीतल्या दोघांनी पाहिली. तळेघरहून मंचरला यायला दीड तास पुरतो, सूरजला पावणेतीन तास लागले. यात मी कुठे चुकले ते सांगा, मी ऐकीन.

आता दुसरी गोष्ट. तुमच्याशी असलेला राग वेगळा आणि तुमचं गाडीचं ज्ञान वेगळं, असं मी मानते. मंचरला तुमचं गॅरेज होतं तेव्हा तीस वर्षं आमची प्रत्येक गाडी तुमच्या हाताखालून गेली. तीच गाडी आता मी स्वतः चालवते. गुडघा बदलल्यापासून मला क्लच दाबता येत नाही, म्हणून ऑटोमॅटिकशिवाय पर्याय नाही. येत्या १३ डिसेंबरला तिला पंधरा वर्षं होतात. आरटीओत नव्यानं नोंद करायची तर आधी पीयूसी हवी, आणि पीयूसीवाल्यानं नापास केली. धुरात कार्बन मोनॉक्साइड फार आहे म्हणतो. काट्यांच्या मधला पिवळा इंजिनाचा दिवाही ऑगस्टपासून पेटलेला आहे. इथल्या गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला. कोड आला पी ०७२०, म्हणजे गिअरबॉक्सच्या वेगाचा सेन्सर. त्यानं कोड पुसला, दिवा गेला, चार दिवसांनी परत आला. आता तो म्हणतो, अख्खा गिअरबॉक्स बदला.

मी फिजिक्स घेऊन बी. एस्सी. केलं आहे आणि अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. एका सेन्सरसाठी अख्खा गिअरबॉक्स, हे मला पटत नाही. गाडी गेली तर अंकित मला पुण्याला त्याच्या फ्लॅटमध्ये नेऊन बसवील. तुमचं मत कळवा. नाही कळवलंत तरी समजेन.

सुमती


डिंगोरे
१८ सप्टेंबर २०२५

सुमतीबाई यांस,

नाय कळवणार व्हतो. प्रयागबाई म्हणाली, गाडीचा काय दोष, कळवा.

पीयूसीचं यंत्र सायलेन्सरातला धूर बघतंय, दिवा बघत नाय. पण दोन्हीचं मूळ एक असू शकतं. त्या सेन्सरकडनं खबर येईना झाली की गाडीचा कंप्युटर घाबरतो. गिअरबॉक्स तुटू नये म्हणून गाडी तिसऱ्या गिअरवर अडकवून ठेवतो आन इंजिनाचा गळा दाबतो. मग माणूस पाय दाबत राहतो, पेट्रोल नीट जळत नाय, प्लग काळे पडत्यात. तशी गाडी पीयूसीला नेली तर नापासच व्हणार.

पह्यली गोष्ट, कोड पुसू नका. कोड पुसणं म्हणजे पेशंटचा कागद फाडणं. किती तापलेलं असताना, किती पळत असताना बिघाड झाला, ते त्यात लिहिलेलं असतंय.

दुसरी, गिअरबॉक्स बदलू नका. आधी बघायचं, बिघाड गार गाडीत येतो का गरम. गावात फिरवून कळायचं नाय. मंचरहून निघा, पोखरीचा घाट चढा, तळेघरला दहा मिन्टं थांबा, तसंच लगेच परत फिरा. वही ठेवा संगं. इतकं टिपून घ्या: किती वाजता काय झालं. वेगाचा काटा पडतो का. धक्का बसतो का. इंजिनाचा आवाज चढतो का, आन चढला तरी गाडी तेवढीच पळते का. बंद करून लगेच चालू केली तर काय, तासाभरानं केली तर काय.

मला ऐकायला आलं असतं तर मीच संगं बसलो असतो. आता तुमचे कान वापरायचे.

कुंडलिक


मंचर
१ ऑक्टोबर २०२५

कुंडलिकराव यांस,

काल गेले होते. टिपण खाली देते, सुधारणा न करता.

सकाळी ८.१० मंचर सोडलं. घोडेगावपर्यंत काही नाही, गिअर सुरळीत बदलत होते. ९.२५ला पोखरीचा घाट चढून संपला. ९.४० तळेघर. दहा मिनिटं थांबले. गाडीखालून करपल्यासारखा वास येत होता.

९.५० परत निघाले. दहा वाजून दोन मिनिटांनी वेगाचा काटा एकदम शून्यावर पडला. गाडी तर चालत होती. लगेच पाठीत कुणी ढकलावं तसा धक्का बसला. त्यानंतर इंजिन ओरडायला लागलं, शाळेजवळची पिठाची चक्की रिकामी फिरवल्यावर ओरडायची तसं. पाय पूर्ण दाबला तरी वेग वाढेना. बाजूनं सायकलवाला पुढे गेला, त्यावरून तीसच्या आत असावा. उताराला जरा बरं. डिंभ्याच्या पुढे जिथे जिथे चढ आला तिथे गाडी अक्षरशः रडत होती. मागून दुधाचा टेंपो हॉर्न वाजवत होता. शेवटी त्यातल्या माणसानं डोकं बाहेर काढलं. "ओ आजी, बैलगाडी शिकताय का?" मी म्हटलं, "तुझ्या टेंपोला ब्रेक आहेत ना? मग वापर."

डिंभ्यानंतर रस्त्याच्या कडेला घेतली. बंद करून लगेच चालू केली. तीच गत. दहा मिनिटांनी केली. तीच गत. मग एक तास दहा मिनिटं थांबले. बॉनेट हाताला गार लागल्यावर चालू केली. काटा उठला, गिअर पडले, गाडी नव्यासारखी मंचरला आली. अंकित संध्याकाळी आला, त्यानं फेरी मारली आणि म्हणाला, "आई, गाडी मस्त आहे, तू घाबरलीस."

एवढी नोंद पुरेशी आहे का, ते कळवा. गाडी जिथे कडेला घेतली तिथे समोर एक चहाची टपरी होती. हे नोंदीचा भाग म्हणून लिहिते आहे.

सुमती


डिंगोरे
९ ऑक्टोबर २०२५

सुमतीबाई यांस,

नोंद पुरेशी आहे. गॅरेजात हाताखाली पंचवीस पोरं शिकून गेली, अशी नोंद एकानं आणली नाय.

गिअरबॉक्सला काय झालेलं नाय. बहुतेक सेन्सरसुद्धा शाबूत आहे. सेन्सरला जाणारी वायर सायलेन्सरच्या नळीजवळनं जाती. तिचं वरचं रबर तडकलं असणार. गार असताना तार जुळलेली राहते. घाट चढून नळी लाल तापली की तार सुटते. गार झाली की परत जुळते. म्हणून गावात फिरवली की गाडी ठणठणीत. बिघाड असा असला की सांगणारा खोटा पडतो.

बाई, मी तुमाला घाटावर का धाडलं ते तुमी शेवटच्या ओळीत लिहिलंय, म्हणून आता बोलतो. शेठ त्या दिवशी तळेघरला खरेदीसाठी भात बघायला गेले. घाट चढून गाडी तापलेली. खळ्यावर पाय ठेवला आन छातीत कळ आली. सूरजनं तसंच मागं फिरवलं. टपरीपाशी त्यानं गाडी बंद केली ती मी शिकवलं व्हतं म्हणून, अडकली तर गार व्हऊ दे म्हणून. फोनला रेंज नव्हती, दुसरी गाडी मिळंना, म्हणून टपरीवाल्याकडनं बादलीभर पाणी मागून नळीवर वतलं. चहा प्याला नाय. पोरानं हे मला सांगितलं व्हतं. मला पटलं व्हतं. पण माझं पटून काय उपेग, तो माझा पोरगा.

एक कोडं मला सुटंना. असा बिघाड आला की पिवळा दिवा पेटतोच, आन मग पेटूनच राहतो. तो गेल्या साली पेटला नसंल असं व्हणार नाय. तुमी लिहिता ऑगस्टपासनं पेटलाय. सूरजला इचारलं, तो गप बसतो. तुमाला काय आठवतंय का?

कुंडलिक


मंचर
३ नोव्हेंबर २०२५

कुंडलिकराव यांस,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला पंचवीस दिवस लागले. दिवाळी होती, पाहुणे होते. पण उशिराचं कारण ते नव्हे.

दिवा गेल्या वर्षी सप्टेंबरात पेटला. तुमचे शेठ आणि मी आळेफाट्याहून येत होतो. मी म्हटलं, हे काय पेटलंय? ते म्हणाले, गॅरेजला दाखवतो. दोन दिवसांनी विचारलं तर म्हणाले, दाखवली, काही नाही, नुसता दिवाच खराब आहे. पुढच्या खेपेला तो पिवळा ठिपका सारखा डोळ्यात खुपत होता. मी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं, त्यातली एक मोठी काळी टिकली घेतली आणि काचेवर त्या दिव्याच्या बरोबर वर चिकटवली. म्हटलं, घ्या, गेला तुमचा दिवा. ते पुष्कळ हसले.

या ऑगस्टमध्ये काच पुसताना ती टिकली निघाली. खाली दिवा पेटलेला होता. मी तो 'ऑगस्टपासून पेटलेला' म्हणून तुम्हाला कळवला. खोटं लिहायचं म्हणून लिहिलं नाही. मला स्वतःलाच ते तसं हवं होतं.

अठ्ठावीस वर्षं मुलांना सांगितलं, थर्मामीटर फोडून ताप उतरत नाही. आणि मी हे केलं.

सूरज रोज त्या खुर्चीत बसायचा. टिकली त्याला दिसत होती, ती कुणाची हेही कळत होतं. त्या पायरीवर तो एवढंच म्हणाला असता की बाई, दिवा तुम्ही झाकलात, तर माझं तोंड तिथेच बंद झालं असतं. तो का बोलला नाही, हे मला कळत नाही.

१४ तारखेला वर्ष होतं. जैन स्थानकात प्रार्थना आहे. नातेवाईक, बाजारपेठेतली सगळी माणसं येतील. ज्यांच्यासमोर मी बोलले जवळपास तीच माणसं. त्यांच्यासमोर मी हे सांगणार आहे. सूरजनं यावं. श्रेयाच्या घरी लोणीला मी स्वतः जाईन.

सुमती


डिंगोरे
६ नोव्हेंबर २०२५

सुमतीबाई यांस,

लोणीला जाऊ नका. श्रेयाचं मे महिन्यातच लगीन झालं. दिल्या घरी सुखी आहे म्हणत्यात. तिच्या दारात आता ही गोष्ट न्यायला नको.

सूरज येत नाय. चाकणला एका गोदामात माल उतरवतो. गाडीत बसायची वेळ आली तर मागं बसतो, पुढं बसत नाय. तुमचं पत्र त्याला वाचायला दिलं. वाचलं, घडी घातली, माझ्या हातात दिलं.

प्रयागबाईला वाचून दाखवलं. टिकलीचं ऐकून पदर तोंडाला लावून बसली. राग असंल म्हटलं, तर रडत व्हती. कुणासाठी ते मी इचारलं नाय.

रविवारी सकाळी गाडी घेऊन या. घाई करू नका, आळेफाट्यावरनं या. वायर मी बघतो.

कुंडलिक


मंचर
२२ नोव्हेंबर २०२५

चि. सूरज,

अनेक आशीर्वाद. ते तुला नको असतील तर बाजूला ठेव आणि पुढचं वाच.

९ तारखेला मी तुमच्या घरी गेले होते. तुझे वडील पोतं अंथरून गाडीखाली शिरले आणि वीस मिनिटांत बाहेर आले. हातात वीतभर वायर होती, मधोमध भाजलेली. ती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. नवी वायर नळीपासून लांबून घेतली, वर जाड वेष्टण चढवलं, प्लग बदलले. मग गाडी चालू करून मला मोठ्यानं विचारलं, "आता आवाज कसाय?" मी पाटीवर लिहून दाखवलं, 'चांगला आहे.' ते म्हणाले, "चांगला म्हंजी कसा ते लिवा की, बाई! एवढ्या शाळा शिकल्या." मी खोडून लिहिलं, 'झोपलेल्या मुलासारखा.' ते हसले. तुझ्या आईनं चहा दिला. माझ्याशी बोलल्या नाहीत. मी निघताना मात्र दारापर्यंत आल्या.

दुसऱ्या दिवशी पोखरीचा घाट चढून उतरून आले आणि गरम गाडी तशीच पीयूसीला नेली. पास झाली. आरटीओचं कामही परवा झालं. अजून पाच वर्षं गाडी माझी आहे.

१४ला मी स्थानकात उभी राहिले आणि सगळं सांगितलं. वायर, दिवा, टिकली, तुझी बादली. गोलगोल बोलले नाही. अंकित मध्येच म्हणाला, "आई, बस ना आता, घरात बोलू." मी म्हटलं, "त्याला मी घरात बोलले नव्हते." बाळासाहेब आडतदार म्हणाले, "जाऊ द्या बाई, आम्ही कवाच विसरलो ते." मी विचारलं, "बाळासाहेब, टेंपोवर सूरजला घेऊ नका असं तुम्ही चौघांना सांगितलंत. ते विसरलात, की त्या चौघांना परत जाऊन सांगितलंत?" संध्याकाळी त्यांनी दोघांना फोन केला असं ऐकते. उरलेल्या दोघांकडे मी स्वतः जाऊन आले.

यानं तुझं गेलेलं वर्ष भरून येत नाही, हे मला माहीत आहे. श्रेयाचंही कळलं. मी तुझी क्षमा मागते. हे छापील नाही.

दोन गोष्टी विचारते. पहिली, परत गाडीवर येशील का? माझ्या नाही, कुणाच्याही. मी शब्द टाकीन. दुसरी, तू का बोलला नाहीस? तुला टिकली माहीत होती. मी तुला इतकं बोलत होते आणि तू फक्त 'गाडी ओढत नव्हती' एवढंच म्हणून गप्प झालास. का?

सुमती


चाकण
४ डिसेंबर २०२५

बाईंना सूरजचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. स्थानकात बोलल्याचं मला आधीच कळलं होतं. गोदामात घोडेगावचा एक जण आहे, त्याने सांगितलं. पहिल्यांदाच तो जेवायला माझ्याजवळ येऊन बसला.

पहिल्या गोष्टीचं उत्तर, नाही. राग म्हणून नाही. स्टिअरिंगवर हात ठेवला की पाय आपोआप जोरात दाबला जातो. बाबांना हे सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

दुसऱ्या गोष्टीचं उत्तर द्यायचं नव्हतं. पण आता तुम्हीच सगळं शोधून काढलंत, तर लपवून काही उपयोग नाही.

घाटाच्या खाली गाडी अडकली तेव्हा शेठ मागच्या सीटवर आडवे होते. शुद्धीवर होते. म्हणाले, "सूरज, अडकली ना?" मी म्हटलं, "हो शेठ." तर म्हणाले, "गॅरेजला दाखवलीच नाही रे मी. भाताची खरेदी चालू होती, राहून गेलं. बाईला मात्र दाखवली म्हणून सांगितलं." मी म्हटलं, बोलू नका, पडून राहा. मी टपरीपाशी थांबलो, पाणी ओतलं, ते तुम्हाला माहीत आहे. परत निघालो तेव्हा त्यांनी मागून माझा खांदा धरला. म्हणाले, "दिव्याचं तिला कळू देऊ नको. तिनं टिकली लावलीय. मला काही झालं तर तिला वाटेल, तिच्यामुळंच झालं. ती कुणाला बोलून दाखवणार नाही, आतल्या आत जळत राहील. तू सांगू नको. शब्द दे." मी दिला.

पायरीवर तुम्ही बोलायला लागलात तेव्हा गाडी ओढत नव्हती हे तोंडातून निघून गेलं. पुढचा प्रश्न दिव्याचाच येणार, म्हणून मग गप्प बसलो. पहिले दोन-तीन महिने रोज वाटायचं, सांगून टाकावं. श्रेयाचा भाऊ अंगठी परत घेऊन आला त्या दिवशी तर एसटीत बसून मंचरला आलो होतो. तुम्ही दुकानाच्या पायरीवर एकट्या बसला होतात. मी समोरून बघितलं आणि परत गेलो.

तुम्ही क्षमा मागितलीत. मी केली. आईचं मला सांगता येत नाही.

अजून एक, तेवढं सांगतो, कारण ते कुणीच विचारलं नाही. शेठना फार त्रास झाला नाही. घोडेगाव यायच्या आधीच ते बोलायचे थांबले. मला वाटलं, डोळा लागला. मी मंचर येईपर्यंत त्यांच्याशी बोलतच होतो. काय काय बोललो, ते आता आठवत नाही.

सूरज